हरण्याला दम यावा म्हणून

परभणी,
चैत्र शुद्ध पंचमी

चि. बाळास,


तुझं पत्र परवा मिळालं. तुझ्या कारवानी कुत्र्याच्या, हरण्याच्या उत्साहाला तोटा नाही, दोर सोडला की क्षणात दिसेनासा होतो, पण दोन-तीन बांध ओलांडले की जीभ बाहेर काढून बसतो आणि मग हाका मारल्या तरी उठत नाही, असं तू लिहिलं आहेस. गावात कुणी टॉनिक सांगितलं, कुणी रोज पहाटे मोटारसायकलमागं पळवायला सांगितलं. यातलं आधी काय करू, असं तू विचारतोस. आधी यातलं काहीच करू नको. त्याचं रक्त तपासून घे. विहिरीला पाणी आहे की नाही हे न बघता मोठी मोटार बसवून काय उपयोग?

कारवानी ही जातच मुळी थोड्या वेळात जीव तोडून पळणारी. खोल छाती, आत ओढलेलं पोट, लांब पाय. नजरेला पडलेलं सावज थोड्या अंतरात गाठायचं, यासाठी पिढ्यान्‌पिढ्या तिची निवड झाली. धनगरांचा मेंढरांमागचा कुत्रा दिवसभर चालेल, पण त्याला असं पळता येणार नाही. तेव्हा हरण्यानं दोन मिनिटं उधळावं आणि मग धापा टाकत थांबावं, यात वावगं काही नाही. मला खटकलं ते तू शेवटी शेवटी सहज लिहून गेलास ते वाक्य. दिवाळीपर्यंत तो तुझ्याबरोबर गोदावरीपर्यंत जाऊन परत यायचा आणि आता अर्ध्या वाटेत बसतो. दोन वर्षांच्या कुत्र्याचा दम वाढता असायला हवा. याचा कमी होतो आहे. त्याला आळशी म्हणू नकोस. आपल्या माणसासाठी कुत्रा ताकदीबाहेर धावतो. असा कुत्रा वाटेत बसला, तर त्याच्या अंगात खरोखरच काही उरलेलं नाही असं समज.

आपल्याकडं या कुत्र्यांना काटक म्हणतात आणि ते खरंही आहे. याच घराण्याला कर्नाटकात मुधोळ म्हणतात. मुधोळच्या घोरपडे राजांनी ती जात जपली, आणि 2005 साली टपाल खात्यानं देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली त्यात मुधोळही होता. पण या काटकपणाच्या लौकिकापायी त्यांची दुखणी उशिरा लक्षात येतात. खातोय, शेपूट हलवतोय, म्हणजे बरा आहे असं आपण धरून चालतो.

माझी सगळी नोकरी रक्ताच्या काचा बघण्यात गेली, हे तुला माहीत आहे. जनावरांच्या काचाही खूप पाहिल्या. काचेवर रक्ताचा पातळ थर ओढून गिम्साचा रंग दिला की तांबड्या पेशी फिकट गुलाबी दिसतात, आणि बबेसिया असेल तर त्यांच्या आत बारीक जांभळी वलयं किंवा ठिपके दिसतात. हा जंतू त्या पेशीतच वाढतो आणि ती फोडून बाहेर पडतो. दुसरा एर्लिकिया. तो पांढऱ्या पेशींत दाटीवाटीनं पुंजका करून राहतो आणि रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट कमी करतो. दोन्ही गोचिडीतून येतात. एर्लिकिया तर महिनोन्‌महिने अंगात दबून राहतो. या काळात ना ताप ना उपाशी राहणं. कुत्रा फक्त लवकर दमतो. तुझ्या पत्रावरून मला पहिली शंका याचीच आली.

डॉक्टरांकडं जायच्या आधी घरी एवढं बघ. सकाळच्या उजेडात, बल्बखाली नाही, त्याचा वरचा ओठ उचल. या कुत्र्यांची हिरडी बरेचदा काळी असते, तिथं काही कळणार नाही. मग खालची पापणी अंगठ्यानं हलकेच खाली ओढ आणि आतला रंग बघ. तिथं छान गुलाबी दिसायला हवं. पांढुरकं किंवा पिवळसर दिसलं तर त्याच दिवशी निघ. नंतर कानाच्या आतल्या घड्या, पट्ट्याखालची मान, शेपटीचं बूड आणि पायाच्या बोटांमधल्या बेचक्या बोटं घालून तपास. बेचक्यांमध्ये बारक्या तपकिरी गोचिडी चिकटलेल्या असतात, नुसत्या बघण्यानं सापडत नाहीत. तो गाढ झोपलेला असताना मिनिटाला किती श्वास घेतो तेही मोज. तीसच्या आत असावेत. त्याहून जास्त असतील किंवा रात्री खोकत असेल, तर हृदय आणि फुप्फुसं तपासायला सांगायचं.

रक्ताच्या अहवालातली एक गोष्ट ध्यानात ठेव. कुत्र्याच्या रक्तात तांबड्या पेशींचं प्रमाण साधारण 37 ते 55 टक्के धरतात. पण ग्रेहाउंडसारख्या धावणाऱ्या जातींत ते मुळातच जास्त असतं, पन्नाशीच्या पुढं. हरण्याच्या अहवालात 38 आलं तर यंत्र त्यापुढं ‘नॉर्मल’ छापेल, तरी या घडणीच्या कुत्र्याला ते कमी असू शकतं. डॉक्टरांना जात सांग, पूर्वी किती पळायचा तेही सांग. आणि काचेवर जंतू दिसला नाही म्हणजे तो नाहीच, असं नसतं. एर्लिकियासाठी वेगळी चाचणी करतात, ती करून घे. दोन्ही रोगांची औषधं वेगळी आहेत, म्हणून अंदाजानं इंजेक्शन टोचून घेऊ नको. एर्लिकिया निघाला तर डॉक्सिसायक्लिन बहुधा चार आठवडे द्यावं लागतं. आठवड्याभरातच कुत्रा टुणटुणीत दिसायला लागतो आणि लोक गोळ्या बंद करतात. तू तसं करू नको.

गोचिडी अंगावरून काढल्या म्हणजे संपल्या असंही नाही. रक्त पिऊन फुगलेली मादी खाली पडते, भिंतीच्या फटीत शिरते आणि तिथं हजारोंनी अंडी घालते. कुत्र्यावर दिसतात त्या थोड्याच, बाकीच्या गोठ्यात. फटी लिंपून घे, त्याचं जुनं पोतं जाळून टाक. गुरांवर मारायचं औषध तेच कुत्र्यावर ओतायचं, हे मात्र चुकूनही नको, विषबाधा होते. वजन सांगून डॉक्टरांकडूनच औषध घे. जंताचंही विचार. अंकुशकृमी आतड्याला चिकटून रक्त पितात आणि शी काळी होते.

ताई विचारते की, घरात ‘परभणी शक्ती’ची भाकरी असते, ती हरण्यालाही घालते, मग त्याचं रक्त कमी कसं होईल? आपल्या कृषी विद्यापीठानं इक्रिसॅटच्या साथीनं 2018 साली काढलेलं ते ज्वारीचं वाण चांगलंच आहे, त्यात लोह आणि जस्त वाढवलेलं आहे. पण तांबड्या पेशी आतून फुटत असतील तर भाकरीतलं लोह कुठवर पुरणार? शिवाय कुत्र्याचं पोट धान्यातलं लोह मांसातल्याइतकं घेत नाही. निव्वळ भाकरी-दुधावर राखणीचा कुत्रा जगतो, पण पळणाऱ्या कुत्र्याला स्नायू बांधायला प्रथिनं लागतात. उकडलेली अंडी, बिनमसाल्याची शिजवलेली कोंबडी, अधूनमधून थोडी काळीज-कलेजी, वरणातली घट्ट डाळ, हे सुरू कर. लांब पल्ल्याला कुत्र्याचं शरीर मुख्यतः चरबी जाळतं. अलास्कात बर्फावरून सुमारे 1600 किलोमीटर गाडी ओढणाऱ्या कुत्र्यांना म्हणूनच चरबीनं भरलेला आहार देतात. आपल्या हवेत तेवढी नको, आणि जी द्यायची ती हळूहळू वाढव, एकदम दिली तर पोट बिघडतं. ताईला एक निक्षून सांग, की उरलेलं कालवण भाकरीवर ओतू नको. कांद्यानं कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात, मग तो कच्चा असो की शिजवलेला. लसणाचंही तेच.

आता पळवण्याबद्दल. रक्त ताळ्यावर आलं की मगच हे सुरू करायचं. पहिले काही दिवस नुसतं चालणं, दोर हातात धरून, पहाटे वीसेक मिनिटं. ते सहज जमू लागलं की मधेमधे दुडकी चाल. महिनाभरानं एखादी छोटी धाव, आणि तिच्यानंतर श्वास पूर्ण शांत होईपर्यंत विसावा. दम वाढतो आहे की नाही हे तो किती लांब गेला त्यावरून ठरवू नको. थांबल्यावर त्याची धाप किती लवकर बसते ते बघ. तीच धाव, तोच विसावा, आणि धाप आधीपेक्षा लवकर बसली, म्हणजे गाडी रुळावर आहे. स्नायू काही आठवड्यांत तयार होतात, पण सांध्यांच्या दोऱ्यांना महिने लागतात, म्हणून अंगात ताकद दिसली तरी घाई करायची नाही. आठवड्यातून एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी दे. शरीर सुधारतं ते विसाव्यातच.

मोटारसायकल मात्र अजिबात नको. तुझ्यामागं पळताना वेग तू ठरवणार, तो नाही. आणि तो तुला सोडून थांबणार नाही, पडेपर्यंत पळेल. सशामागंही सोडू नको. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ती शिकार गुन्हा आहे, आणि सावज समोर असलं की त्याला स्वतःच्या थकव्याचं भान राहत नाही.

जागाही नीट निवड. आपल्या काळ्या रानाला आता भेगा पडल्या असतील, पळत्या कुत्र्याचा पाय त्यात अडकला तर मोडतो. पऱ्हाटी उपटलेल्या रानात आणि ज्वारीच्या धसकटांत तळवे फाटतात. गाडीवाटेची मऊ माती सगळ्यात बरी. नदीतली वाळू पायाला बळ देते, पण ती जड असते, तिथं अंतर निम्मं कर. डोहात पोहू दे, सांध्यांना भार न पडता दम वाढतो. मात्र वाळू उपशाच्या खड्ड्यांपासून लांब.

आणि ऊन. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, तो मुख्यतः जिभेवाटे थंड होतो. आपल्याकडं वैशाखात पारा 43-44 वर जातो, तेव्हा सूर्य वर यायच्या आत सगळं आटपायला हवं. हाताची मागची बाजू रस्त्यावर काही सेकंद टेकवून ठेव. तुला सोसत नसेल तर त्यालाही सोसणार नाही. धापा टाकताना जीभ गडद लाल झाली, लाळ चिकट होऊन लोंबू लागली किंवा पाय लटपटले, तर सावलीत घेऊन अंगावर साधं पाणी ओत, वारा घाल आणि ताबडतोब दवाखाना गाठ. पोटभर खाल्ल्यावर पळवू नको. खोल छातीच्या कुत्र्यांच्या पोटाला पीळ पडू शकतो आणि मग जीवावर बेततं. मुख्य जेवण संध्याकाळी, फिरून आल्यावर तासाभरानं दे.

इथं पशुवैद्यक महाविद्यालयाचा दवाखाना आहे, 1972 पासूनचं कॉलेज. मराठवाड्यात एवढी सोय जवळ असणं थोडं नाही, तिचा उपयोग करून घे. येत्या सोमवारी गंगाखेडहून पहाटेच निघ, म्हणजे उन्हाच्या आत पोचशील. हरण्याला त्या सकाळी खायला घालू नको, पाणी दे. आदल्या दिवसाची शी एका झाकणाच्या डबीत घेऊन ये, म्हणजे जंताची तपासणीही होऊन जाईल. दाजींच्या ओळखीच्या टेम्पोत मागं बांधून आणणार असशील तर सावलीला ताडपत्री घाल. मी दवाखान्याच्या फाटकापाशी थांबते. दुपारी जेवायला घरीच या, हरण्यासाठी अंगणात कडुलिंबाखाली जागा आहे.

ताईला आणि दाजींना नमस्कार.

तुझी,
मावशी

ता.क. : ते टॉनिक आणलंच असेल तर बाटली न फोडता दुकानदाराला परत दे. त्या पैशांत रक्ततपासणीचा थोडा खर्च निघेल.