माहेरची खूण

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातलं हे गोल चित्र जेमतेम पाच सेंटिमीटर व्यासाचं आहे. काचेवर नाक टेकेल इतकं वाकल्याशिवाय ते दिसत नाही. गडद निळ्या पार्श्वभूमीवर एक तरुण स्त्री. काळा पोशाख, डोक्यावर पांढरी टोपी, खांद्यांवर पांढरं वस्त्र, कॉलरच्या कडेला काळ्या रेशमाचं बारीक भरतकाम आणि छातीशी खोचलेलं लाल कार्नेशनचं फूल. श्रीमंतीचा दिमाख कुठेच नाही. दोन्ही बाजूंना सोनेरी लॅटिन अक्षरं आहेत. ती एवढंच सांगतात की तिला तेविसावं वर्ष चालू आहे. नाव सांगत नाहीत.

चित्रकार हान्स होल्बाइन, इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याच्या दरबारातला. काळ १५३६ च्या आसपासचा. कमावलेलं पातळ कातडं पत्त्याच्या पानावर चिकटवून त्याने त्यावर जलरंगात हे काम केलं. भिंतीवर टांगायच्या मोठ्या चित्रांसाठी त्याचं नाव गाजलं, पण मला तो इथे सगळ्यात थोर वाटतो. राजाचा रुबाब रंगवायला भव्य आकार हाताशी असतो. इथे काही नाही. दोन जोडलेले हात आणि एक शांत चेहरा.

असं चित्र भिंतीसाठी नसतंच. ते डबीत राहतं, गळ्यात लटकतं, प्रवासाला बरोबर जातं. पहिल्यांदा ज्याच्या हाती गेलं त्याला चेहरा ओळखीचा असतो, म्हणून नाव लिहिण्याची गरज कुणालाच भासत नाही. मुलांनाही ठाऊक असतं. नातवंडांपर्यंत येता येता ‘आपल्यातलीच कुणीतरी’ एवढंच उरतं. पुढे चित्र विकलं गेलं की तेही जातं.

राजांच्या संग्रहाचं तसं नव्हतं. इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याच्या पदरी अब्राहम व्हान डर डोर्ट नावाचा डच माणूस होता. त्याने व्हाइटहॉल राजवाड्यातल्या चित्रांची यादी केली. चित्र काय आकाराचं, कुणी नजर केलं, कुठे ठेवलंय, सगळं त्याने नोंदवलं. १६४० मध्ये त्याने आत्महत्या केली. राजाने जपून ठेवायला दिलेलं एक लघुचित्र सापडेना, या धास्तीने, असं सांगतात. आणि ते पुढे त्याच्याच सामानात मिळालं. तळहाताएवढ्या चित्रासाठी जीव गेला. हे वाचल्यापासून संग्रहालयांच्या नोंदवह्या मला कोरड्या वाटत नाहीत.

आपल्या या स्त्रीला असा राखणदार नव्हता. १९०४ मध्ये हॉकिन्स नावाच्या संग्राहकाच्या संग्रहाचा लिलाव क्रिस्टीज या लिलावगृहात झाला तेव्हा ती ‘फ्रान्सेस हॉवर्ड, डचेस ऑफ नॉर्फोक’ म्हणून पुढे आली आणि २,७५० पौंडांना गेली. एवढ्याशा चित्राला त्या काळी ही किंमत प्रचंड होती. होल्बाइनचा हात असेल तर समोर सरदारघराण्यातलीच बाई बसली असणार, असं विकणाऱ्यालाही वाटलं असेल आणि घेणाऱ्यालाही ते हवंच होतं. तिचे साधे कपडे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होते, पण डचेस म्हटल्यावर कपड्यांचं कोण ऐकतो!

ड्युवीन या व्यापाऱ्यांमार्फत ती अमेरिकन बँकर पियरपाँट मॉर्गन यांच्याकडे गेली. मॉर्गन यांनी लघुचित्रांचा मोठा संग्रह जमवला होता आणि विल्यमसन या अभ्यासकाकडून त्याची देखणी सूची छापून घेतली होती. चित्राच्या मागच्या बाजूला एका घराण्याचं मानचिन्ह आहे, पेम्बर्टन घराण्याचं. त्यावरून डचेस मागे पडली आणि ती झाली मिसेस रॉबर्ट पेम्बर्टन, नॉर्थॅम्प्टनशरमधल्या रशडेनच्या एका गृहस्थाची पत्नी. मॉर्गन १९१३ मध्ये गेले. १९३५ मध्ये त्यांच्या मुलाने लघुचित्रांचा संग्रह पुन्हा क्रिस्टीजमध्येच विकायला काढला. त्या वेळी मरे यांच्या मृत्युपत्रातला निधी आणि लॉर्ड बेअरस्टेड यांची देणगी मिळून संग्रहालयाने ती घेतली. खाजगी मालकी तिथे संपली. यापुढे तिला कुणी गळ्यात घालणार नव्हतं, पण कुणीही पाहू शकणार होतं.

तरी ती अजून मिसेस पेम्बर्टनच होती. १९८७ मध्ये कलाइतिहासकार लॉर्न कॅम्पबेल यांनी ‘बर्लिंग्टन मॅगझिन’ या कलाविषयक मासिकात लेख लिहिला आणि मानचिन्हाचा अर्थच बदलला. बाईच्या चित्रामागे घराण्याची खूण आहे, तर ते घराणं नवऱ्याचंच असणार, असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. ती खूण माहेरची होती. चित्रातली स्त्री जेन, जन्माने पेम्बर्टन, लंडनचा कापडाचा व्यापारी निकोलस स्मॉल याची बायको. साधा काळा पोशाख आणि पांढरं वस्त्र, सगळं आता नीट जुळतं. ज्या चित्रकारासमोर राजा चित्रासाठी बसत असे त्याच्याकडून एका व्यापाऱ्याच्या बायकोने स्वतःचं चित्र काढून घेतलं होतं, ही गोष्ट मला कुठल्याही डचेसच्या कथेपेक्षा मोठी वाटते.

माहेरची खूण जपली गेली नसती तर ती आजही अनोळखीच राहिली असती. सासरचं ‘स्मॉल’ हे नाव त्या वस्तूवर कुठेच नाही. ते शोधूनच काढावं लागलं, आणि तिथवर जायचा रस्ता माहेरावरूनच गेला. आपल्याकडे कितीतरी घरांतल्या वंशावळींत सुनांची माहेरं लिहिलेली नसतात, काही ठिकाणी तर सुनाच नसतात, तेव्हा मला हा रस्ता फार महत्त्वाचा वाटतो.

संग्रहालयात ती आज ‘मिसेस जेन स्मॉल, पूर्वी मिसेस पेम्बर्टन’ म्हणून ओळखली जाते. हे ‘पूर्वी’ चित्राच्या जुन्या शीर्षकाबद्दल आहे, तिच्याबद्दल नाही. मिसेस पेम्बर्टन ती कधीच नव्हती. ती जेन पेम्बर्टन होती, आणि स्मॉलच्या शेजारी हे नाव असंच, मिसेस न लावता, लिहिलं जावं असं मला मनापासून वाटतं.