नारातली हरणं आणि माझी एक कॅरीबॅग



दिवाळीनंतर तीन आठवडे मी मुलाकडे जपानला, ओसाकाला जाऊन आले. आल्यापासून प्रत्येकीचा एकच प्रश्न, "तिथं खायचे हाल झाले असतील ना?" खाण्याचंही सांगते, पण आज लिहायला बसले ते वेगळ्याच कारणाने. एक गोष्ट मनात राहून गेली आहे, ती सांगितल्याशिवाय मला बरं वाटणार नाही.

ओसाकाहून रेल्वेने पाऊण तासात नारा येतं. इ.स. 710 ते 784 या काळात हे गाव जपानची राजधानी होतं, क्योटोच्याही आधी. मुलाला रजा नव्हती, म्हणून सून आणि मी अशा दोघीच जायचं ठरलं. नारा पाहावं तर पायी, कारण स्टेशनपासून मोठ्या मंदिरापर्यंत वीस-पंचवीस मिनिटांची वाट आहे आणि वाटेत जागोजागी थांबण्यासारखं आहे. सून म्हणाली, "आई, गुडघा दुखेल, बसने जाऊ." मी म्हटलं, "आपले महाराज हजारो मैल विहार करतात, मला एवढं जमणार नाही का?"

आदल्या रात्री मी दशम्या केल्या होत्या, बरोबर शेंगदाण्याची चटणी. तिथं बाहेर खायचं म्हणजे पंचाईत. भाजीच्या साध्या सुपातसुद्धा माशाच्या वाळवलेल्या पापुद्र्यांचं पाणी असतं, त्याला डाशी म्हणतात. बौद्ध मठांच्या पद्धतीचं शोजिन जेवण मिळतं, त्यात मासे-मांस नसतं, कांदा-लसूणही नसतो, पण मुळा-गाजर असतंच. तेव्हा घरचा डबा बरा. सून म्हणाली, "आई, दशम्या स्टीलच्या डब्यात ठेवूया. तिथं हरणं असतात, प्लॅस्टिक नको." मी म्हटलं, "डब्याचं ओझं कोण वाहणार? मी काय पहिल्यांदा प्रवासाला निघालेय?" आवाज जरा चढलाच माझा. ती गप्प बसली. मी दशम्या कॅरीबॅगेत गुंडाळून खांद्याच्या पिशवीत टाकल्या.

सकाळी नऊला नाराला उतरलो. स्टेशनबाहेरच्या कारंज्यावर ग्योकी नावाच्या भिक्षूंचा पुतळा आहे. त्यांनी लोकांकडून दान गोळा करून इथली मोठी बुद्धमूर्ती उभी करायला हात दिला. पुढे बाजारातून सारुसावा तळ्यावर आलो. धरलेले जलचर परत पाण्यात सोडण्याचा धार्मिक विधी जुन्या काळी या तळ्याकाठी होत असे, हे सुनेने वाचून दाखवलं तेव्हा मला आपली जीवदया आणि पांजरपोळ आठवली. वर चढलं की कोफुकुजी मंदिर लागतं. त्याचा पाच मजली लाकडी मनोरा 1426 सालचा आहे, उंची 50 मीटर. सध्या दुरुस्तीसाठी झाकलेला आहे, त्यामुळे त्याचं दर्शन काही झालं नाही.

तिथून हरणं दिसायला लागतात. हजाराहून जास्त हरणं आहेत म्हणे, आणि सगळी मोकळी. कासुगा नावाच्या देवस्थानाचा देव पांढऱ्या हरणावर बसून आला अशी श्रद्धा आहे, म्हणून त्यांना कोणी मारत नाही. रस्ता ओलांडताना मोटारी त्यांच्यासाठी थांबतात. मांसमच्छी खाणाऱ्या देशात एका प्राण्याला शेकडो वर्षं असं अभय मिळालेलं पाहून माझे हात जोडले गेले.

हरणांसाठी खास बिस्किटं विकायला बायका बसलेल्या असतात. कोंडा आणि पिठाची, बिनसाखरेची. गठ्ठ्याला बांधलेली कागदाची पट्टीसुद्धा अशी, की हरणाने खाल्ली तरी अपाय होऊ नये. याशिवाय दुसरं काही खायला घालू नका अशा पाट्या जागोजागी आहेत. बिस्किट दाखवलं की हरिण मान लववून नमस्कार करतं. मीही उलट नमस्कार केला. सून फोटो काढत होती, दोघी हसत होतो.

आणि तेवढ्यात मागून एका हरिणीने माझ्या पिशवीत तोंड घातलं. दशम्यांचा वास आला असणार. मी वळेपर्यंत तिने कॅरीबॅग ओढून बाहेर काढली होती. दशम्या गवतात पडल्या, चार-पाच हरणं धावली, आणि ही आपली कॅरीबॅग चावत उभी! मी गुडघा विसरून धावले. सुनेने पिशवीचं एक टोक धरलं, हरिणीने झटका दिला, पिशवी फाटली. सुनेच्या हातात आली ती उलगडून पाहिली, तर एक कोपरा, साधारण तळहाताएवढा, नव्हता.

आम्ही दोघींनी गवतात शोध शोध शोधलं. सून तर गुडघ्यांवर बसून पानं बाजूला करत होती. तुकडा मिळाला नाही. ती हरिणी तोपर्यंत कळपात मिसळली, सगळ्या सारख्याच दिसतात. सुनेने मोडक्यातोडक्या जपानीत बिस्किटवाल्या आजींना सांगितलं. त्या बिचाऱ्या उठून आल्या, त्यांनीही शोधलं. "कुठली हरिणी?" विचारलं, पण आम्हाला दाखवता येईना.

हरिण रवंथ करणारा प्राणी. प्लॅस्टिक त्याच्या पोटातून पुढे सरकत नाही, तिथंच गोळा होत राहतं. 2019 साली नारात काही हरणं मेली, त्यांच्या पोटात किलो-किलोचे प्लॅस्टिकचे गोळे निघाले. हे सुनेला माहीत होतं, म्हणून ती आदल्या रात्री बोलली होती. त्या बागेत कचऱ्याचे डबेही फारसे दिसत नाहीत, आपला कचरा आपण घरी न्यायचा, तोही हरणांसाठीच. आणि मी, पाणी गाळून पिणारी, मुंगी वाचवून पाय टाकणारी, त्यांच्या पोटात प्लॅस्टिक घालून बसले.

तोदाइजीच्या महाबुद्धासमोर गेले तेव्हा खरंतर माझं लक्ष नव्हतं. पंधरा मीटर उंचीची काशाची मूर्ती आहे. 752 साली तिचे डोळे रंगवून प्राणप्रतिष्ठा केली ती आपल्या भारतातून गेलेल्या बोधिसेन नावाच्या भिक्षूंनी. एरवी हे ऐकून ऊर भरून आला असता. त्या दिवशी मी फक्त मान खाली घालून उभी राहिले.

सुनेच्या हे लक्षात आलं असावं. ती मला मागच्या टेकडीवर निगात्सुदो नावाच्या मंदिरात घेऊन गेली. दगडी पायऱ्या हळूहळू चढलो. वर लाकडी सज्जा आहे, तिथून सगळं नारा दिसतं, त्या महाबुद्धाच्या मंदिराचं अवाढव्य छप्परही. सज्जाच्या कठड्याला टेकून सून मोबाईलवर माहिती वाचू लागली. दरवर्षी मार्चमध्ये इथं चौदा दिवस मोठा विधी असतो, रात्री याच सज्जातून पेटत्या मशाली नेतात. 752 पासून एक वर्षही खंड नाही. मी विचारलं, "कसला विधी?" ती म्हणाली, "आई, पश्चात्तापाचा. सगळ्या लोकांनी केलेल्या चुकांबद्दल भिक्षू देवासमोर क्षमा मागतात."

म्हणजे प्रतिक्रमणच की! धर्म वेगळा, भाषा वेगळी, पण साडेबाराशे वर्षं माणसं इथं दरसाल येऊन "चुकलं" म्हणताहेत.

मैत्रिणींनो, दर क्षमावणीला मी शंभर-दीडशे जणांना "उत्तम क्षमा" पाठवते. छान फुलांचं चित्र, खाली आमच्या दोघांची नावं. पण लग्न होऊन सात वर्षं झाली, सुनेला समोर बसवून "माझं चुकलं" असं मी एकदाही म्हटलं नव्हतं. त्या सज्जात म्हटलं. "तू सांगत होतीस, मी ऐकलं नाही. वर आवाजही चढवला. माझं चुकलं गं." तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "अहो आई, मला काल रागच आला होता तुमचा. मीही मनात बरंच बोलले." मग दोघी हसलो. दिवसभरात एकदाही ती "मी सांगितलं होतं ना" असं म्हणाली नाही. तिच्या जागी मी असते तर म्हटलं असतं, हे मला माहीत आहे.

दशम्या हरणांनी संपवल्या होत्याच. नारामाची या जुन्या वस्तीत फिरताना पर्सिमनची फळं घेतली. दिसायला टोमॅटोसारखी केशरी, चवीला चिकूच्या जवळची. उन्हाळी सुटल्यासारखी भूक लागली होती, पोटभर खाल्ली. तिथली लाकडी घरं रस्त्याकडे अरुंद आणि आत लांबच लांब, आपल्या वाड्यांसारखी. घरांच्या वळचणीला लाल कापडाची छोटी माकडं टांगलेली असतात, घरातल्या माणसावरचं संकट ते माकड स्वतःवर घेतं अशी समजूत. मी मनात म्हटलं, छान आहे, पण माझ्या चुकीचं फळ माकड घेणार नाही, ते मलाच भोगायचं. नोव्हेंबरात तिथं पाचच्या आत सूर्य मावळतो. त्याआधी उरलेली फळं आणि पाणी घेतलं, आणि गाडी पकडली.

कॉलेजात बी.कॉम.ला असताना सर शिकवायचे, वहीत चुकीची नोंद झाली तर ती खोडायची नाही, दुरुस्तीची वेगळी नोंद करायची. पहिली नोंद तशीच राहते, सगळ्यांना दिसते. माझंही तसंच आहे. त्या हरिणीचं पुढे काय झालं मला कधीच कळणार नाही. क्षमा मागितली म्हणून तिच्या पोटातला तुकडा, गेला असेल तर, बाहेर येणार नाही. दुरुस्ती तेवढी माझ्या हातात आहे.

म्हणून आल्यावर जुन्या सुती साड्यांच्या सोळा पिशव्या शिवल्या. दशमी-भाकरीसाठी नाडीवाल्या, भाजीसाठी मोठ्या. मंदिरात नारळ-तांदूळ न्यायलाही तीच पिशवी. शिळं अन्न कॅरीबॅगेत बांधून दारच्या गाईपुढे टाकायची आमच्या गल्लीतली सवय आहे, माझीही होती. ती बंद केली. शेजारच्या वहिनींनाही सांगितलं, त्या आधी हसल्या, मग दोन पिशव्या मागून नेल्या.

कोणाला माप हवं असेल तर सांगा, पुढच्या वेळी लिहिते.

उत्तम क्षमा. जय जिनेंद्र.