कोन, वजनं आणि दोन स्प्रिंगा



पाचवीला 'कोन' शिकवताना आपण घड्याळ दाखवतो, कात्री दाखवतो. यंदा मी वर्गात आमच्या काकांच्या प्रीमियर पद्मिनीचा डिस्ट्रिब्युटर नेला. तो सुटा झालाच होता. काकांनी निवृत्तीच्या पैशातून इंजिनचं बोअरिंग करून घेतलेलं, त्यामुळे टायमिंग चुकून चालणार नव्हतं. चुकीच्या टायमिंगने पिस्टनला भोकसुद्धा पडतं.

मुलांना आधी गणित घातलं. ठिणगी पडली तरी पेट्रोल-हवेचं मिश्रण जळायला थोडा वेळ लागतो. सोयीसाठी 2 मिलिसेकंद धरा. मिनिटाला 1000 फेरे असतील तर तेवढ्यात क्रँक 12 अंश फिरतो, 3000 असतील तर 36. म्हणजे वेग वाढला की ठिणगी आधी पडायला हवी. प्रत्यक्षात वाढ इतकी सरळ नसते, कारण वेगात मिश्रण जास्त घुसळतं आणि लवकर जळतं.

हे काम डिस्ट्रिब्युटरच्या पोटातली दोन वजनं करतात. वेगाने ती बाहेर फेकली जातात आणि कॅमला पुढे ढकलतात. स्प्रिंगा त्यांना आत ओढतात. आमच्यात एक पातळ, सुरुवातीपासून ताणलेली. दुसरी जाड, तिचा आकडा सैल, ती उशिरा पकडते. म्हणून अ‍ॅडव्हान्स आधी भरभर वाढतो, मग हळू. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: किती लवकर वाढायचं ते स्प्रिंगा ठरवतात, किती वाढायचं ते स्टॉपर. बाजारातल्या मिळेल त्या स्प्रिंगा घालणं मला पटत नाही.

आमच्या कॅमच्या पट्टीवर 12 कोरलेलं होतं. इथे भलेभले फसतात. डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून ते क्रँकचे 24 अंश. आयडलला 10 लावले होते, म्हणजे एकूण 34.

मोजायचं कसं? पुलीभोवती दोरा गुंडाळला, परीघ 45 सेंमी भरला. मग 10 अंशाला साडेबारा मिलिमीटर. (हे मुलांनीच काढलं, एकीने तर तोंडी!) तशा खुणा केलेली कागदी पट्टी पुलीला चिकटवली. वजनांच्या खिळ्यांना तेलाचा थेंब देऊन सगळं जोडलं, व्हॅक्युमची नळी काढून तिचं तोंड बंद केलं आणि टायमिंग लाइट धरली.

काका म्हणाले, "लाइट कशाला? मी कानाने लावतो." त्यांनी आयुष्यभर तसंच लावलंय, आणि चांगलं लावलंय. पण आता सत्तरी ओलांडली. 3000 फेऱ्यांना खूण 34 ऐवजी 38 वर गेली. गाडी चढावर नेली तर बारीक टकटक मला स्पष्ट ऐकू येत होती. काका म्हणाले, "बघ, कशी गोड चालतेय."

मी काही बोललो नाही, परत आल्यावर लाइट त्यांच्याच हातात दिली. त्यांनी दोनदा बघितलं आणि गप्प बसले. मग स्वतःच डिस्ट्रिब्युटर उघडला. स्टॉपर झिजला होता, वजनं जास्त पसरत होती. त्यावर भर घालून घेतली. आता खूण 34 वर थांबते.

पट्टी सोलायला गेलो तर म्हणाले, "राहू दे रे ती."