गुजराती गल्लीतून देगलूरपर्यंत

हैदराबादच्या मराठी माणसाला कोठी काही वेगळी सांगायला नको. जांबागेत विवेक वर्धिनी, इसामिया बाजारात मराठी ग्रंथसंग्रहालय, सुलतान बाजारात लग्नाची खरेदी. आपल्या आधीच्या पिढीचं निम्मं आयुष्य या चार रस्त्यांत गेलं. आमच्यासारखी मियापूर-गच्चीबावलीकडे सरकलेली मंडळी मात्र इकडे क्वचितच फिरकतात. मीही बऱ्याच वर्षांनी गेलो, तो बाबांच्या गाडीचं मीटर पिशवीत घालून.

गाडी पंधरा वर्षांची. उन्हात तासभर उभी राहिली की मीटरचे सगळे काटे शून्यावर यायचे आणि दिवे विझायचे. डॅशबोर्डवर थाप मारली की पुन्हा सगळं सुरू. इंजिन ठणठणीत, पण वेग किती, पेट्रोल किती, इंजिन तापलंय का, काहीच कळायचं नाही. सर्व्हिस सेंटरमध्ये सांगितलं, "अख्खं मीटर बदलावं लागेल." खर्चाचा आकडा पाच अंकी होता. बाबांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "विकून टाकू रे गाडी. आता मला तरी कुठे लांब जायचंय?"

बाबा दरवर्षी देगलूरला आत्याकडे स्वतः गाडी चालवत जातात. हा प्रश्न मीटरचा नव्हता, हे मला तिथेच कळलं.

थाप मारल्यावर चालणारी वस्तू सहसा जळलेली नसते. तिचा कुठलातरी जोड सुटलेला असतो. बी.ई. इलेक्ट्रॉनिक्समध्ये केलं, नोकरी मात्र सॉफ्टवेअरची, तरी एवढं लक्षात होतं. बॅटरीची निगेटिव्ह तार काढून, थोडा वेळ थांबून आम्ही मीटर बाहेर काढलं. शनिवारी मियापूरहून मेट्रो धरली आणि उस्मानिया मेडिकल कॉलेज स्टेशनला उतरून चालत कोठी गाठली. बाबाही आले. ऐंशीच्या दशकात आमच्या ईसी टीव्हीचे सुटे भाग ते याच गल्लीतून न्यायचे.

गुजराती गल्ली अरुंद आहे. दोन्ही बाजूंना ड्रॉवरच ड्रॉवर. रेझिस्टर, कपॅसिटर, रिले, एलईडी, ट्रान्सफॉर्मर, वायरींची भेंडोळी. कॉलेजची मुलं प्रोजेक्टच्या याद्या घेऊन उभी, शेजारी जुना अँप्लिफायर काखेत मारून आलेला बँडवाला. इथे कुणी "मॉडेल कुठलं?" असं आधी विचारत नाही. "क्या होना साब?" हा पहिला प्रश्न.

एका दुरुस्तीवाल्या चाचांनी डोळ्याला भिंग लावून आमच्या मीटरचं सर्किट बोर्ड उजेडात तिरकं धरलं. कनेक्टरच्या दोन पिनांभोवती केसाएवढी गोल चीर होती. "ड्राय सोल्डर है. नया मीटर नक्को लो," ते म्हणाले. दखनीतलं हे 'नक्को' आपल्या 'नको'चंच रूप. ते ऐकून बाबा कितीतरी दिवसांनी हसले. चाचा तिथेच जोड देऊन देत होते, पण बाबाच म्हणाले, "घरी करू. तू शिकलायस ना?"

25 वॅटचं सोल्डरिंग आयर्न, सोल्डरची तार, फ्लक्स, जुनं सोल्डर टिपून घेणारी तांब्याची विणलेली पट्टी, भिंग. सगळं मिळून सातशेच्या आत आलं.

हे जोड का सुटतात? उन्हात गाडीचा डॅशबोर्ड प्रचंड तापतो, रात्री थंड होतो. धातू आणि बोर्ड वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात. त्यात रस्त्याचे हादरे. वर्षानुवर्षं हा ताण सोसून सोल्डरला चीर पडते. तापलं की ती उघडते, थाप मारली की क्षणभर टेकते.

घरी खिडकी उघडी ठेवून टेबलावर बसलो. बाबांनी टॉर्च धरला. पिनेला फ्लक्स लावला, जुनं सोल्डर पट्टीने टिपून घेतलं आणि नवं दिलं. शिशाचं 63/37 सोल्डर 183 अंशांना वितळतं, बिनशिशाचं 217 च्या आसपास. दोन्हींची सरमिसळ नको म्हणून आधी जुनं काढायचं. टोक एका पिनेवर दोन-तीन सेकंदच टेकवायचं; जास्त वेळ ठेवलं तर बोर्डवरची तांब्याची पट्टी सुटते. चांगला जोड चकचकीत आणि पिनेकडे निमुळता होत गेलेला दिसतो. मीटरचे काटे आम्ही उपटले नाहीत, नाहीतर ते पुन्हा नेमके बसवणं कठीण. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने बोर्ड पुसला आणि हात साबणाने धुतले.

एक सांगायलाच हवं. गाडी वॉरंटीत असेल तर हे करू नका. एअरबॅग आणि ब्रेकच्या सर्किटला घरी हात लावू नका. ती जाणकारांचीच कामं. मीटर काढतानाही बॅटरी आधी सोडवायची, घाई करायची नाही.

मीटर बसवलं, चावी फिरवली. काटे उठले, दिवे लागले. बाबांनी सवयीने डॅशबोर्डवर थाप मारली. काही हललं नाही.

पुढच्या महिन्यात ते संगारेड्डीच्या रस्त्याने देगलूरला गेले. मी शेजारच्या सीटवर होतो. भर दुपारी वाटेत चहाला थांबलो, गाडी उन्हात तापली, मीटर चालूच राहिलं. आत्याने विचारलं, "गाडी विकणार होतास ना रे?" बाबा म्हणाले, "दोन पिनांसाठी?"

कोठीत पुन्हा कधी गेलात तर मुलांना घेऊन त्या गल्लीत एक चक्कर मारा. घरातला बंद पडलेला रेडिओ, रिमोट, काहीही सोबत न्या. वस्तू उघडून बघता येते, हे मुलांना एकदा तरी दिसलं पाहिजे.