चरबी कढवताना

लघुनिबंधाचा उगम शिकवताना चार्ल्स लॅम्बचे नाव घ्यावेच लागते. फडके, खांडेकर, काणेकर यांच्यापाशी पोचण्यापूर्वी इंग्रजी निबंधाचे ओझरते दर्शन घडवायचे, ही एम. ए.च्या वर्गातील जुनी रीत. आम्ही दोघेही, पती-पत्नी, ती इमानेइतबारे पाळत आलो आहोत. लॅम्बचा भाजलेल्या डुकरावरील निबंध, 1822 साली प्रसिद्ध झालेला, आमच्या विशेष आवडीचा. झोपडी जळते, बोबो नावाचा पोरगा होरपळलेल्या पिलाला हात लावून पाहतो, बोटे भाजतात, ती तो तोंडात घालतो, आणि बोटांना चिकटून आलेल्या कातडीच्या कणांची चव माणसाला प्रथमच कळते. पुढे लॅम्ब त्या कुरकुरीत कातडीची अशी काही आळवणी करतो की वर्ग खुदुखुदू हसू लागतो. आम्हीही हसतो.

दोन वर्षांपूर्वी या तासानंतर एक विद्यार्थी मागे थांबला. एरवी अबोल. म्हणाला, "मॅडम, हे आमच्या घरी करतात. आजीच्या काळापासून." मग वर्गात का बोलला नाहीस, असे विचारल्यावर त्याने वही बंद केली. "वर्गात इंग्लंडचं डुक्कर होतं, मॅडम."

त्याचे घर कनेरगाव नाक्याला. हिंगोलीहून वाशीमकडे जाताना जिल्ह्याच्या अगदी हद्दीवर हे गाव लागते. अकोला–पूर्णा लोहमार्गावर त्याचे लहानसे स्थानकही आहे. एका रविवारी आम्ही दोघे तेथे गेलो. त्या घराची जात आम्ही येथे लिहीत नाही. वाचक ती मनातल्या मनात शोधू लागले असतील, आणि खरे सांगायचे तर एसटीत बसल्यापासून आम्हीही दुसरे काही करीत नव्हतो.

आमच्याविषयीही सांगितले पाहिजे. आमच्यापैकी एकाच्या माहेरी चातुर्मासात कांदासुद्धा घरात येत नसे. दुसऱ्याच्या घरी बोकड चाले, कोंबडी चाले, पण डुकराचे नाव निघाले तर आजी चूळ भरत असे. शाकाहारी आणि मांसाहारी घरांचे एरवी कशावरच एकमत होत नाही; या एका प्राण्याविषयी ते विनासायास होते.

गल्लीत आदल्या दिवशी डुक्कर कापले होते आणि वाटे पडले होते. या घराच्या वाट्यात कातडीसकट चरबी आली होती. तुराट्यांच्या जाळावर केस भाजून, सुरीने खरवडून, हळदीच्या पाण्याने धुऊन ती कातडी आदल्या दिवशीच मिठाच्या पाण्यात मऊ होईपर्यंत उकळली होती. मग दोन-दोन बोटांचे तुकडे करून सुपात, वर पातळ फडके घालून, वाळत ठेवले होते. आम्ही पोचलो तेव्हा तुकडे वरून कोरडे, किंचित पारदर्शक झाले होते.

विद्यार्थ्याच्या आईने चुलीवर जर्मनचे पातेले ठेवले, तुकडे त्यात घातले आणि वाटीभर पाणी ओतले. तळायचे तर पाणी कशाला, असे आमच्या चेहऱ्यावर दिसले असावे. "चरबीला आधी पाणी दाखवायचं, मॅडम. नाहीतर बुडाला लागती." जाळ अगदी मंद. पाणी आटेपर्यंत पातेल्यात नुसती खदखद; मग तडतड सुरू होते; चरबी पाझरू लागते आणि तुकडे हळूहळू आपल्याच चरबीत बुडतात. पाऊण तास त्या झारा फिरवत होत्या आणि आमच्याशी मुलाच्या परीक्षेविषयी बोलत होत्या. लक्ष मात्र कानाशी होते. तडतड मंदावली, म्हणजे पाणी संपत आले, तेव्हा त्यांनी दोन तुराट्या आत सारल्या. जाळ भडकला आणि बघता बघता तुकडे फुगले, अंगावर बारीक फोड आले, रंग गव्हाच्या दाण्यासारखा झाला. उकळताना कातडीतील चिवटपणा विरघळून मऊ होतो आणि वाळल्यावरही आत थोडा ओलावा उरतो. कडक तापलेल्या चरबीत त्याची वाफ होते व तीच कातडीला फुलवते. हे शास्त्र आम्ही नंतर वाचले. मावशींना ते कानाने येत होते.

याला काय म्हणता, असे आम्ही विचारले. पिशवीत वही होती. बोलीतील एखादा दुर्मीळ शब्द हाती लागेल, त्यावर टिपण होईल, असा मोह होता. त्या म्हणाल्या, "नाव कशाला? तुकडेच म्हणतो आम्ही."

लोणी कढवून तूप काढल्यावर तळाशी जी उरते तिला मराठीत बेरी म्हणतात, आणि साखर घालून बेरी खाल्ल्याच्या आठवणी ललित गद्यात हव्या तेवढ्या सापडतील. कृती तीच: मंद आच, पाण्याचा अंश उडवणे, स्निग्ध भाग गाळून घेणे, उरलेले खरपूस ते मुलांच्या हातावर. गाळलेली चरबी येथेही बरणीत जाते आणि पुढचे कित्येक दिवस फोडणीला पुरते. एका उरलेल्याला वाङ्मय मिळाले, दुसऱ्याला नाही.

ज्वारीची भाकरी, कांदा, लाल तिखट आणि ते तुकडे. आमच्यापैकी एकाने पहिला घास डोळे मिटून घेतला. दुसऱ्याने पाचवा तुकडा उचलला तेव्हा कोणीच काही बोलले नाही.

परत आल्यावर आम्ही कपाट धुंडाळले. शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' 2015 सालीच निघालेले. मराठवाड्यातील महार आणि मांग समाजांच्या स्वयंपाकाची ही नोंद, जिच्या शीर्षकातच जेवणाआधीच्या सर्वपरिचित श्लोकाला एक 'अ' जोडून दिला आहे. आम्ही ते विकत घेतले होते, संदर्भसूचीत घातलेही होते. 2024 साली भूषण कोरगावकर यांनी केलेला इंग्रजी अनुवाद आला, त्याच्या चर्चा ऐकल्या, आणि मगच पुस्तक खऱ्या अर्थाने उघडले. त्यापूर्वी दलित आत्मकथनांतील भुकेवर आमचे दोन शोधनिबंध झाले होते. चवीवर एकही नाही. जणू भूक असलेल्या माणसाला जीभ नसते.

त्याहून मोठी चपराक पुढेच होती. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याचा 'मानसोल्लास', शके 1051 म्हणजे इ. स. 1129 चा, हा ग्रंथ आम्ही दरवर्षी शिकवतो. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, हा त्यातील उल्लेख प्राचीन मराठीच्या प्रत्येक प्रश्नपत्रिकेचा ठेवणीतला प्रश्न. श्रीगोंदेकरांनी संपादित केलेला बडोद्याचा ग्रंथ ग्रंथालयात होता; त्यातील 'अन्नभोग' हे प्रकरण आम्ही कधी उलटले नव्हते. राजाच्या जेवणाच्या त्या वर्णनात डुक्कर आहे. त्याचे केस काढण्याच्या दोन रीती आहेत, एक उकळत्या पाण्याची, दुसरी अंगाला माती लिंपून गवताच्या जाळाची. मग विस्तवावर भाजणे, आणि ताडाच्या पानासारखे पातळ काप काढणे. कल्याणी, म्हणजे आजचे बसवकल्याण, मराठवाड्याला लागून आहे. तुराट्यांचा तो जाळ आम्हांला राजवाड्याच्या मुदपाकखान्यात पुन्हा दिसला. त्या ग्रंथातून आम्ही ओवी तेवढी उचलली होती.

तेव्हा ठरवले, घरी करून पाहायचे. विद्यार्थ्याने स्टीलच्या डब्यात किलोभर कातडी आणून दिली. डब्यावर वर्तमानपत्र, त्यावर कापडी पिशवी, पिशवीत वर दोन पुस्तके. बसमधून ते असेच आणायचे असते, हे त्याला कोणी शिकवावे लागले नव्हते. आम्ही उतावीळपणे वाळवण्याचा दिवस गाळला. परिणाम असा की चरबी छतापर्यंत उडाली आणि तुकडे खडीसारखे निघाले.

दुसऱ्या खेपेस रीतसर वाळवले, पाणी दाखवले, कान देऊन बसलो. तडतड सुरू झाली, वास दाटला, आणि आमच्यापैकी एकाने उठून स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली. दुसऱ्याने बैठकीचे दार लोटले. वर घरमालक राहतात. त्यांनी आम्हांला कधी काही विचारलेले नाही. भाड्याच्या करारातही आहाराविषयी अक्षर नाही. चर्चासत्रांत अन्नाच्या राजकारणावर तावातावाने बोलणारे आम्ही, धुराने डोळे चोळत, बंद खोलीत, कुजबुजत्या आवाजात जाळ वाढवावा की नाही यावर वाद घालत होतो.

तुकडे फुलले. सगळे नव्हे, निम्मे.

संध्याकाळी तो विद्यार्थी डबा न्यायला आला. त्याने एक तुकडा दाताखाली फोडला, आवाज ऐकला, मान हलवली. "मीठ कमी पडलं, सर. आणि जाळ भ्यालात तुम्ही." मग स्वयंपाकघरात सगळीकडे एकदा पाहून त्याने, काही न विचारता, खिडकी उघडली.