बाई, फुटक्या किती?

डी.एड.च्या दुसऱ्या वर्षी छात्रसेवाकालासाठी मला ठाणे जिल्ह्यातल्या वाशिंदजवळच्या एका वाडीवरची जिल्हा परिषदेची शाळा मिळाली. कसारा लोकलने वाशिंदला उतरायचं, पुढे रिक्षा, आणि शेवटी भातशेतीच्या बांधावरून चालत जायचं. वर्गातली बहुतेक मुलं कातकरी आणि ठाकूर. माझ्या टाचणवहीत प्रस्तावना, हेतुकथन, विवेचन, उपयोजन, स्वाध्याय असं सगळं ओळीने मांडलेलं होतं.

चौथीला हजारापुढच्या संख्या शिकवायच्या होत्या. मुलांचे आईवडील वीटभट्टीवर जातात हे ठाऊक असल्यामुळे मी उदाहरणही विटांचंच घातलं. एका जोडप्याने सकाळी 650 विटा थापल्या, दुपारी 350, तर एकूण किती? मागून एका मुलीने विचारलं, “बाई, फुटक्या किती?”

मी तिलाच पुढे बोलावलं. तिने सगळं नीट सांगितलं. मजुरी हजारामागे ठरते. पण तडकलेल्या, पावसाने विरघळलेल्या विटा शेठ धरत नाही, म्हणून हजाराचे पैसे हवे असतील तर जास्त थापायला लागतात. मग बाकीची मुलंही बोलू लागली. विटा उलटायच्या कधी, रांगा मोजायच्या कशा, दर आठवड्याला खर्चासाठी मिळणारी खावटी हिशोबातून कशी कापतात, हे एकेक जण सांगत होता. मराठीच्या तासाला तोंड न उघडणारी हीच मुलं! मी टाचण मिटलं आणि त्यांनी सांगितलेले आकडे फळ्यावर घेतले. बेरीज, वजाबाकी, हजाराची किंमत, सगळं त्याच हिशोबातून शिकवून झालं.

मधल्या सुट्टीत वर्गाच्या बाई म्हणाल्या, “यांना हिशोब येतो गं, तो कागदावर मांडता येत नाही. तेवढं आपण शिकवायचं.” एवढं नेमकं मार्गदर्शन मला कुठल्याच निरीक्षण वहीत मिळालं नाही.

त्यांच्याकडून मी आणखी एक गोष्ट शिकले, ती वर्गाबाहेरची. वाडीतली कुटुंबं पावसाळ्यात उचल घेतात आणि दिवाळीनंतर भिवंडी, कल्याण, वसईकडच्या भट्ट्यांवर जातात, ती पुन्हा पावसाच्या तोंडावर येतात. म्हणून बाई भाद्रपदापासूनच घरोघर फिरायच्या. कोणाची आजी मागे राहणार, कोणाची मावशी पोराला ठेवून घेईल, हे विचारून ठेवायच्या. जाणाऱ्या मुलांच्या हातात शिक्षण हमी पत्रक द्यायच्या, म्हणजे दाखल्याशिवाय तिकडच्या शाळेत बसता येतं. मी त्यांच्याबरोबर काही घरी गेले. मुलांना शाळेत पाठवायची इच्छा नाही, असं एकही घर मला दिसलं नाही. अडचण होती ती धाकट्या भावंडांना दिवसभर सांभाळायचं कोणी, ही.

दिवाळीनंतर वर्ग निम्मा झाला. फुटक्या विटांचा प्रश्न विचारणारी मुलगीही गेली, तान्ह्या भावाला सांभाळायला. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने 6 ते 14 वर्षांच्या प्रत्येक मुलाला शाळेचा हक्क दिला आहे. भट्टीवरच्या मुलापर्यंत तो पोहोचायचा तर कोणीतरी तिथवर चालत जायला हवं.

असं जाणारी माणसं आपल्याकडे होऊन गेली आहेत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू केलं आणि पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली. तेव्हा तो भाग आपल्या ठाणे जिल्ह्यातच होता. नंतर विधायक संसद या संस्थेने भट्ट्यांवरच मजुरांच्या मुलांसाठी भोंगाशाळा, म्हणजे झोपडीतल्या शाळा, उभ्या केल्या. परीक्षेसाठी ही नावं आम्ही पाठ करतो, पण सरावाला मात्र चार भिंतींच्या वर्गातच जातो.

माझी अध्यापक विद्यालयांना विनंती आहे. शहापूर-मुरबाडकडच्या छात्राध्यापकांचे निदान काही पाठ जानेवारीत वीटभट्टीवर ठेवा. फळा नसला तरी चालेल, मोजायला विटा आहेत.