टाटांची न झालेली स्पोर्ट्स कार

टाटांनी स्पोर्ट्स कार बनवावी का? आमच्या घरात या प्रश्नाला दोनच उत्तरं आहेत. बाबांचं "कशाला?" आणि माझं "का नाही?" आई म्हणते, दोघांनाही घ्यायची नाहीये, मग भांडता कशाला? मुद्दा बिनतोड आहे, पण गाड्यांच्या बाबतीत बिनतोड मुद्द्यांना विचारतो कोण!

बाबा टेल्कोत होते. (२००३ मध्ये कंपनीचं नाव टाटा मोटर्स झालं, पण पिंपरी-चिंचवडमधल्या जुन्या लोकांसाठी ती अजूनही टेल्कोच.) त्यामुळे त्यांचं "कशाला?" हे पेपरात वाचलेलं नाही, शॉप फ्लोअरवरून आलेलं आहे. आणि मी? मेकॅनिकल शिकून सॉफ्टवेअरमध्ये आलेला. म्हणजे पुण्यात दगड मारला तर ज्याला लागेल, तो.

वाद सुरू झाला तो रेसमोवरून. ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मार्च २०१७ च्या जिनिव्हा मोटर शोमध्ये टाटा मोटर्सनी 'टॅमो' या नव्या उपब्रँडखाली एक टू-सीटर दाखवली, रेसमो. इंजिन मध्ये, म्हणजे सीटच्या मागे, आणि ताकद मागच्या चाकांना. १.२ लिटरचं टर्बो पेट्रोल, १९० पीएस, ० ते १०० सहा सेकंदांच्या आत असा कंपनीचा दावा. दरवाजे वर उघडणारे. डिझाईन टाटांच्याच तुरिनच्या स्टुडिओतलं. फोर्झा या गेममध्येही ती येणार असं जाहीर झालं. त्या दिवशी ऑफिसात आमच्या अख्ख्या रांगेच्या स्क्रीनवर हीच गाडी होती. ज्या कंपनीची सुमो आणि इंडिका बघत आम्ही मोठे झालो, ती हे करतेय, हे डोक्यात शिरायलाच वेळ लागला.

यात एक गंमत आहे. रेसमोची लांबी होती ३,८३५ मिलिमीटर आणि इंजिन १,१९९ सीसी. आपल्याकडे चार मीटरच्या आत आणि १,२०० सीसीपर्यंतची पेट्रोल गाडी ही कराच्या हिशेबात 'छोटी गाडी'. सप्टेंबर २०२५ पासून अशा गाड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे आणि मोठ्यांवर ४०. म्हणजे ही गाडी आज बाजारात असती तर वर उघडणारे दरवाजे घेऊन वॅगन-आरच्या रांगेत उभी राहिली असती! सरकारी व्याख्येतून स्पोर्ट्स कार काढणारा इंजिनियर मला भयंकर आवडतो. कोणीतरी स्पेसिफिकेशन नीट वाचलं होतं.

असो. २०१७ संपायच्या आतच टॅमो गुंडाळत असल्याच्या बातम्या यायला लागल्या. २०१८ च्या ऑटो एक्स्पोत गाडी मंडपात पुन्हा दिसली, पण कारखान्यात कधीच गेली नाही.

बाबांचं म्हणणं, बरं झालं. आणि त्यांचा युक्तिवाद कच्चा नाही. २०१७ साली प्रवासी गाड्यांच्या बाजारात टाटांचा वाटा पाच-सहा टक्क्यांच्या आसपास होता, आणि तो धंदा तोट्यात होता. नॅनोचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलेलं. अशा वेळी घरातले पैसे कुठे घालायचे? त्यांनी ते नेक्सॉनमध्ये घातले. डिसेंबर २०१८ मध्ये तिला ग्लोबल एनकॅपचे पाच तारे मिळाले, असे तारे मिळवणारी ती पहिली भारतीय गाडी. २०२४ मध्ये पंच ही देशातली सगळ्यात जास्त विकली गेलेली गाडी ठरली, मारुतीचं चाळीस वर्षांचं राज्य मोडून. "तुझी रेसमो झाली असती तर हे झालं असतं का?" बाबा विचारतात. त्याला माझ्याकडे पुराव्यानिशी उत्तर नाही, कारण इतिहासाची दुसरी ब्रँच कोणी रन करून बघत नाही.

आकड्यांनी बघाल तर चित्र आणखी वाईट आहे. २०२४-२५ या आर्थिक वर्षात भारतात साधारण ४३ लाख प्रवासी गाड्या विकल्या गेल्या. आणि २०२५ मध्ये स्कोडानी ऑक्टाविया आरएस आणली, पन्नास लाखांच्या घरात, तेव्हा देशासाठी गाड्या किती? शंभर. सगळ्या हातोहात संपल्या, त्याच्या मोठ्या बातम्या झाल्या. ४३ लाखांत शंभर! आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये याहून जास्त गाड्या आहेत. याआधी ज्यांनी प्रयत्न केले त्यांची कहाणीही बरी नाही. गोव्यात बनणारी सॅन स्टॉर्म आठवते का कोणाला? फायबरग्लासची बॉडी, रेनोचं इंजिन, दोन सीट. मग २०१२ च्या एक्स्पोत डीसीची अवंती आली, इंजिन पुन्हा रेनोचंच. खुद्द टाटांनी कोइंबतूरच्या जयेमबरोबर जेटीपी काढली होती. २०१८ मध्ये आलेल्या टियागो जेटीपीला ११४ पीएस होते आणि किंमत साडेसहा लाखांच्या आत. माझ्या मते त्या दशकातली पैसा वसूल गाडी. २०२० मध्ये तीही बंद.

मग तरी मी "का नाही?" का म्हणतो?

त्यासाठी टोयोटाकडे बघावं लागतं. टोयोटा म्हणजे जगातली सगळ्यात हिशेबी कंपनी, कोरोला आणि इनोव्हावाली. या कंपनीनं दहा वर्षं खपून लेक्सस एलएफए बनवली. अॅल्युमिनियमचा सांगाडा अर्ध्यात टाकून दिला आणि कार्बन फायबरवर गेले. (मॅनेजरला जाऊन सांगा, "सर, पाच वर्षं झाली, पण आता पाया बदलू या." बघा काय होतं.) कार्बन फायबर विणायला स्वतःचा गोल माग तयार केला. टोयोटा मुळात मागांचीच कंपनी, १९२६ साली स्थापन झालेली टोयोडा ऑटोमॅटिक लूम वर्क्स. म्हणजे नातवानं आजोबांचं अवजार माळ्यावरून काढून धार लावावी तसं. ४.८ लिटरचं व्ही-१० इंजिन यामाहाबरोबर केलं, २०१० ते २०१२ दरम्यान बरोबर ५०० गाड्या काढल्या, किंमत पावणेचार लाख डॉलर. तरी हिशेबाच्या वहीत ती तोट्याचीच मानली जाते.

आणि इतकं होऊनही डिसेंबर २०२५ मध्ये टोयोटा पुन्हा उभी राहिली, जीआर जीटी घेऊन. या वेळी व्ही-८ हायब्रिड. तेव्हा त्यांनी दाखला दिला तो जपानमधल्या इसे इथल्या देवळाचा. ते देऊळ दर वीस वर्षांनी नव्यानं बांधतात. जुनं पडायला आलेलं नसतं. पण वीस वर्षांत एकदा बांधलं की म्हाताऱ्या सुतारांच्या हाताखाली तरणे सुतार तयार होतात, विद्या पुढे जाते. टोयोटाचं म्हणणं तेच. २००० जीटी, मग एलएफए, आता ही. हे वाचलं तेव्हा मी लॅपटॉप बंद करून गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

कारण हा माझा दुखरा भाग आहे. कॉलेजात आम्ही बाहासाठी बग्गी बनवली होती. पिथमपूरला जाऊन चिखलात पळवली. चार महिने वर्कशॉपमध्ये वेल्डिंग, सस्पेन्शनचे हार्डपॉईंट्स, रात्री दोनला टपरीवरचा चहा, गिअरबॉक्स अॅल्युमिनियमचा की लोखंडाचा यावर हमरीतुमरी. आमच्या टीममध्ये पंचवीस पोरं. त्यातले आज गाड्यांमध्ये किती? चार. त्यातले दोन जर्मनीत. सस्पेन्शन करणारा आमचा मित्र भारतातच एका पार्ट बनवणाऱ्या कंपनीत लागला होता. तीन वर्षं त्यानं एका ब्रॅकेटचं वजन कमी केलं. एकाच ब्रॅकेटचं! ते काम हलकं आहे असं मी म्हणत नाही, लाखो गाड्यांत ते ब्रॅकेट जातं आणि पैसे वाचतात. पण ज्याला चोवीस तास गाडी वळणात कशी बसते हेच सुचतं, त्याला तुम्ही किती वर्षं ब्रॅकेटवर ठेवणार? तो गेला स्टुटगार्टला. मी हिंजवडीला आलो. माझा प्रवास स्वस्तात झाला, इतकाच फरक.

बाबांना मी हे सांगितलं तर ते म्हणतात, "पोरांना रमवायला कंपनी काढतात का?" रमवायला नाही हो. पण १९९८ ला इंडिका झाली तेव्हा तरी 'कशाला?' म्हणणारे काय कमी होते? ट्रकवाल्यांनी कार कशाला करायची? आठवड्याभरात सव्वा लाखाच्या आसपास बुकिंग आलं. पहिल्या गाड्यांच्या तक्रारीही आल्या, २००१ मध्ये व्ही-टू काढून त्या निस्तरल्या. त्या निस्तरण्यातून जे लोक तयार झाले, त्यांनीच पुढचं सगळं केलं. हे मी बाबांकडूनच ऐकलेलं आहे. त्यांचंच वाक्य त्यांना परत दिलं की ते पेपर वर धरतात.

आता, स्पोर्ट्स कार काढली की झालं, असंही नाही. होंडाची दुसरी एनएसएक्स बघा. पहिली १९९० ची, सेन्नानं सुझुकावर चालवून बघितलेली, पूर्ण अॅल्युमिनियमची. गॉर्डन मरीनी मॅकलॅरन एफ-वन करताना तिला मापदंड मानलं होतं. तिच्या साधारण अठरा हजार गाड्या गेल्या. दुसरी २०१६ ला आली. कॉन्सेप्ट २०१२ मध्ये दाखवलेला, मधेच इंजिन आडव्याचं उभं केलं, टर्बो बसवले, तीन मोटर्स घातल्या, किंमत दीड लाख डॉलरच्या वर. २०२२ पर्यंत तीन हजारही विकल्या नाहीत. गाडी वाईट नव्हती. पण पहिलीनं जे एका वाक्यात सांगितलं होतं (फेरारी, पण रोज चालणारी) तसं वाक्य दुसरीकडे नव्हतं. आमच्या भाषेत सांगायचं तर रिक्वायरमेंटच बदलत राहिली.

याउलट माझदा. टोयोटाच्या मानानं छोटी कंपनी. १९८९ मध्ये एमएक्स-५ काढली, १.६ लिटर, टनाच्या आत वजन, टप काढता येणारा. २०१६ मध्ये दहा लाखावी गाडी बाहेर पडली. सुपरकार वगैरे काही नाही, फक्त हलकी आणि वळणारी. आणि खर्च झेपत नसेल तर वाटून घेता येतो. टोयोटानं ८६ सुबारूबरोबर केली, सुप्रा बीएमडब्ल्यूबरोबर. टाटांना तर बाहेरही जायला नको, जॅग्वार घरचीच आहे. जॅग्वारनं २०२४ मध्ये एफ-टाईप बंद केली. त्या लोकांना जे येतं ते कुठेतरी उतरवून घ्यायला नको का?

इथे बाबा नवा मुद्दा काढतात, आणि तो ऐकून मला पहिल्यांदा जरा थांबावं लागलं. त्यांचं म्हणणं, वेगच हवा ना, मग हॅरियर ईव्ही आहे की. बरोबर आहे. जून २०२५ मध्ये आलेली हॅरियर ईव्ही, दोन मोटरवाली, ० ते १०० ला कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे ६.३ सेकंद. दोन टनांहून जड एसयूव्ही, आतमध्ये आजी, डबे, लोणच्याची बरणी, आणि वेग जवळपास रेसमोचा! आठ वर्षांत सरळ रेषेतला वेग इतका स्वस्त झाला.

पण माझ्या दृष्टीनं यामुळेच स्पोर्ट्स कारचं काम सोपं झालं. आता सेकंदांच्या मागे लागायची गरजच नाही, ते काम मोटर करेल. उरलं वजन, स्टिअरिंग, बसायची उंची. ताम्हिणीत पावसानंतर सप्टेंबरमध्ये जाऊन बघा. तिथे कोणाला १९० पीएस हवेत? तिथे हवी नऊशे-हजार किलोची गाडी, १२० पीएस, मागच्या चाकांना ताकद, हातानं टाकायचे गिअर. अल्ट्रोझ रेसरचं १२० पीएसचं टर्बो इंजिन आहेच, २०२४ पासून. ते सीटच्या मागे ठेवायचं. दारं साधी ठेवा हो, वर उघडणारी नकोत, आमच्या पार्किंगमध्ये वर पाईप आहेत. किंमत पंधरा लाखांच्या आत. वर्षाला दोन हजार गेल्या तरी पुष्कळ. आणि बनवायला दीडशे लोकांची वेगळी टीम, त्यात निम्मे तिशीच्या आतले.

बाबांनी हा कागद (हो, मी कागदावर काढून दिलं, पीपीटी त्यांना चालत नाही) चष्मा लावून नीट वाचला. दहा मिनिटं. मग पेन घेऊन एका जागी गोल केला. ग्राऊंड क्लिअरन्स.

"हे किती धरलंयस?"

"एकशेवीस-तीस."

"आपल्या गल्लीतला स्पीडब्रेकर मोजलायस?"

रविवारी आम्ही टेप घेऊन खाली गेलो. एकशे पंचेचाळीस. बाबा म्हणाले, पुढचा ओव्हरहँग कमी कर आणि अप्रोच अँगल काढून दाखव.